पोटॅशियम मोजणारा मानसोपचारतज्ज्ञ

नवे आजार सहसा जंगलातून, तुंबलेल्या पाण्यातून किंवा प्रयोगशाळेतल्या काचपट्टीवरून माणसाच्या ओळखीचे होतात. १९७९ साली वैद्यकाच्या दप्तरात दाखल झालेला एक आजार मात्र न्हाणीघराच्या बंद दारामागून बाहेर आला. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’ या नियतकालिकात तीस रुग्णांची हकिगत छापली. अठ्ठावीस स्त्रिया आणि दोन पुरुष. १९७२ ते १९७८ या काळात हे रुग्ण त्यांच्याकडे आले होते. त्यांना खाण्याची अनावर ऊर्मी येई. पोटभर नव्हे, पोट फुटेस्तोवर खाल्लं जाई आणि मग ते उलटून काढल्याशिवाय जिवाला चैन पडत नसे. जाड होण्याची भीती तर अष्टौप्रहर मानगुटीवर. रसेल यांनी या आजाराला ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव दिलं आणि निबंधाच्या शीर्षकातच तो अ‍ॅनोरेक्सियाचा एक घातक चिन्हं दाखवणारा प्रकार असल्याचं बजावलं.

अ‍ॅनोरेक्सियाचा रुग्ण दारातून आत आला की डॉक्टरांच्या लक्षात येतो. हाडं वर आलेली, गाल बसलेले, थंडी नसताना अंगावर स्वेटर. रसेल यांच्या या नव्या रुग्णांपैकी बऱ्याच जणी मात्र अशा खंगलेल्या नव्हत्या. वजन जेमतेम ठीक, चेहरा भरलेला. शेजारणीने पाहिलं असतं तर ‘तब्येत सुधारलेली दिसतेय’ असंच म्हटलं असतं. काहींच्या हाताच्या मागच्या बाजूला, बोटांच्या सांध्यांवर घट्टे किंवा व्रण होते. रसेल यांनी त्याचा संबंध लावला: उलटी काढताना हातावर वारंवार दात घासले गेल्याच्या त्या खुणा होत्या. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ही खूण ‘रसेल्स साइन’ या नावाने शिकवली जाते. तोंडाने जे सांगितलं जात नव्हतं, ते हात सांगून जात होता.

मानसोपचारतज्ज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खुर्चीत रेलून ऐकणारा माणूस येतो. रसेल ऐकत तर होतेच, पण त्यांना मोजायची सवय होती. वजन, पाणी, क्षार, हार्मोन्स आणि माणसाला स्वतःचं शरीर केवढं रुंद वाटतं ते, असं सगळं ते मोजत. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना हीच गोष्ट पुनःपुन्हा डोळ्यांत भरते. मनाच्या आजारात त्यांनी शरीर कधी नजरेआड केलं नाही.

त्यांचा जन्म १९२८चा, बेल्जियममधला. मे १९४०मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि बारा वर्षांच्या जेराल्डला घेऊन कुटुंब ब्रिटनला गेलं. एडिनबरा विद्यापीठातून १९५०मध्ये ते डॉक्टर झाले. लष्करी वैद्यकीय सेवा झाली, मज्जासंस्थेच्या विकारांचं शिक्षण झालं आणि मग ते लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. तिथे ऑब्रे लुईस या करड्या शिस्तीच्या गुरूंचं राज्य होतं. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हा तिथला रिवाज.

तरुण रसेल यांचं सुरुवातीचं संशोधन खाण्याच्या विकारांवर नव्हतंच. ते होतं डिप्रेशनवर.

खोल नैराश्यात गेलेल्या माणसाची अन्नावरची वासना उडते, हे आपल्याकडे आजीलाही ठाऊक असतं. माणूस ताटावर बसतो, दोन घास चिवडतो आणि उठतो. महिन्याभरात कपडे ढगळ होतात. रसेल यांना यातला तपशील हवा होता. शॉक ट्रीटमेंट घेणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांच्या शरीरात पाणी, सोडियम आणि पोटॅशियम यांची आवकजावक कशी होते, वजन कसं बदलतं, याचा ताळेबंद त्यांनी मांडला. १९६०मध्ये ‘क्लिनिकल सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. रुग्णाने काय खाल्लं, काय प्यायलं, शरीरातून काय बाहेर पडलं, सगळं रोजच्या रोज तोलून लिहायचं. वाचायला रूक्ष, करायला त्याहून किचकट. पण मनाच्या अवस्थेची नोंद ठेवताना तराजू हाताशी ठेवण्याची सवय लागली ती इथे. पुढे याच पोटॅशियमशी त्यांची पुन्हा गाठ पडणार होती.

डिप्रेशनमधली भूक मरण्याकडून अ‍ॅनोरेक्सियाकडे यायला फार मोठी उडी मारावी लागत नाही. निदान वरवर तरी तसं वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नैराश्यातल्या माणसाला खावंसं वाटत नाही. अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या मुलीला पुष्कळदा भूक लागते, अन्नाशिवाय दुसरं काही सुचतही नाही, आणि तरी ती खात नाही. घरच्यांसाठी स्वतः चार पदार्थ रांधील, आग्रह करकरून वाढील आणि आपण पाणी पिऊन उठेल. घरच्यांना हा हट्ट वाटतो, थेरं वाटतात.

हा आजार काही विसाव्या शतकात उपजलेला नाही. व्हिक्टोरिया राणीचे वैद्य विल्यम गल यांनी लंडनमध्ये आणि शार्ल लासेग यांनी पॅरिसमध्ये, जवळपास एकाच वेळी, १८७३च्या सुमाराला त्याचं वर्णन केलं. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या मुलींचा गुंता सोडवायला अनेकजण पुढे आले. कुणी पिट्युटरी ग्रंथीला दोष दिला, कुणी आईला. आईला दोष देणं सगळ्यात सोपं होतं आणि ते बराच काळ चाललं.

रसेल यांनी पुन्हा मोजायला घेतलं. मुलींची पाळी का थांबते? हार्मोन्स कसे बदलतात? वजन परत आलं की त्यातलं काय पूर्ववत होतं आणि काय मागे राहतं? त्यांच्या प्रयोगांतला एक तर नाटकात शोभावा असा आहे. पीटर स्लेड या मानसशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी १९७३मध्ये तो प्रसिद्ध केला. अंधाऱ्या खोलीत एक आडवी पट्टी, तिच्यावर सरकणारे दोन दिवे. रुग्ण मुलीला सांगायचं: हे दिवे इतके लांब ने की त्यांच्यातलं अंतर तुझ्या कमरेएवढं होईल. मग छातीएवढं, मग चेहऱ्याएवढं. त्यानंतर खरं माप घ्यायचं. मुली स्वतःचं शरीर खऱ्यापेक्षा रुंद दाखवत होत्या. वस्तूंची मापं मात्र त्या बरोबर सांगत, म्हणजे डोळे ठीक होते. इलाजाने वजन वाढलं तशी ही चूक कमी होत गेली.

पुढच्या संशोधकांनी या प्रयोगावर बरंच बोट ठेवलं. निरोगी बायकाही आपलं शरीर रुंदच समजतात, असं दाखवून दिलं. ते खरंच आहे. ट्रायलरूमच्या आरशासमोर उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला हे सांगायला संशोधक लागत नाही. तरी त्या दोन दिव्यांनी एक काम केलं. ‘मी जाडी आहे’ हे वाक्य तोवर खोटं किंवा हट्ट म्हणून ऐकलं जाई. ते एक लक्षण म्हणून ऐकलं जाऊ लागलं.

आता थोडं वाट सोडून अमेरिकेत जाणं भाग आहे, कारण मनःस्थिती आणि उपासमार यांचं नातं सगळ्यात लख्ख दिसलं ते तिथल्या एका प्रयोगात. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपभर माणसं उपाशी होती आणि त्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले आणि निदान या मार्गाने लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून स्वतःहून आलेले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं गेलं. सुमारे पाव वजन गेलं.

पण नोंदवह्यांत वजनापेक्षा विलक्षण गोष्टी उतरत गेल्या. हे तरुण पाकक्रियांची पुस्तकं वाचू लागले, पदार्थांच्या कृती जमवू लागले. एका जेवणाला तासन् तास लावू लागले, ताटल्या चाटू लागले. चिडचिड वाढली, हसणं बंद झालं, मैत्रिणींचा विसर पडला, काहीजण खोल उदास झाले. पोटभर अन्न मिळायला लागल्यावरही काहींना किती खाल्लं तरी पुरेसं वाटेना आणि मनाची घडी बसायला कित्येक महिने गेले. यांतल्या एकालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. बारीक व्हायची हौसही नव्हती.

म्हणजे अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णात दिसणारी उदासी, एकलकोंडेपणा, अन्नाचा अखंड जप यांतलं बरंचसं उपासमारीचंच देणं असू शकतं. इथून इलाजाचा क्रम ठरतो. मेंदू उपाशी असताना मनाशी वाद घालून फारसा उपयोग नाही. आधी घास पोटात गेला पाहिजे.

रसेल यांच्या वॉर्डात हे काम प्रामुख्याने परिचारिका करत. ते नेहमी सांगत की या उपचाराचा कणा कुशल नर्सिंग हाच आहे. जेवणाच्या वेळी नर्स रुग्णाशेजारी बसायची. धाकदपटशा नाही, लाडीगोडीही नाही. समोरचं संपेपर्यंत शांतपणे, चिकाटीने सोबत करायची. काही आठवड्यांत वजन चढू लागे. हे मोठं यश होतं आणि रसेल यांना त्याची मर्यादाही ठाऊक होती: रुग्णालयात कमावलेलं वजन घरी गेल्यावर गळून जाई. मुलगी पुन्हा भरती व्हायची. पुन्हा तेच.

त्या तीस रुग्णांकडे परत येऊ. हे लोक सहज सापडले नाहीत. आजार लपवणं हा या आजाराचाच भाग आहे. अ‍ॅनोरेक्सियाची मुलगी आपल्या उपाशीपणाचा काहीसा अभिमान बाळगते. बुलिमियाच्या रुग्णाला स्वतःची किळस वाटते. तीसपैकी बहुतेकांना पूर्वी कधीतरी अ‍ॅनोरेक्सिया होऊन गेला होता, उघड किंवा कुणाच्या लक्षात न आलेला. उपाशी राहून शरीर एका टोकाला ताणलं गेलं, मग भुकेने उलटा सूड उगवला आणि खाल्लेलं काढून टाकण्याची पळवाट सापडली. एकदा ती सापडली की खाण्याला धरबंध राहत नाही, कारण ‘काढून टाकता येतं’ हे मनाला कळलेलं असतं. हे दुष्टचक्र मध्येच कुठेतरी तोडणं हाच उपचार, असं रसेल यांनी लिहिलं.

आणि इथे जुनं पोटॅशियम परत आलं. सतत उलट्या आणि जुलाबांच्या गोळ्या यांनी शरीरातलं पोटॅशियम घटतं. हृदयाचे ठोके बिघडतात, मूत्रपिंडावर ताण येतो, स्नायू लुळे पडतात. वरकरणी ठणठणीत दिसणारी मुलगी अशा वेळी खरोखर धोक्यात असते आणि ते कळतं फक्त रक्ताच्या तपासणीतून. दुसरी गोष्ट मनाची. या रुग्णांमधलं नैराश्य तीव्र होतं आणि आत्महत्येचा धोका मोठा होता. शीर्षकातली ती सावधगिरीची सूचना उगाच नव्हती.

निबंध छापून आला आणि पुढे जे झालं ते बहुधा रसेल यांनाही अपेक्षित नव्हतं. क्रिस्टोफर फेअरबर्न या तरुण मानसोपचारतज्ज्ञाने १९८०मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ या स्त्रियांच्या मासिकात एक छोटी सूचना दिली: असा त्रास असलेल्यांनी लिहावं. संशोधनासाठी रुग्ण शोधायची जागा म्हणून फॅशनच्या मासिकाकडे वळणं त्या काळी काही ज्येष्ठांना खटकलं असेल. पत्रांचा पाऊस पडला. दोन वर्षांनी फेअरबर्न आणि पीटर कूपर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ४९९ स्त्रियांची माहिती मांडली. बहुतेकींचं वजन सर्वसामान्य होतं. वर्षानुवर्षं हे चालू होतं. वैद्यकीय मदत हवी असं निम्म्याहून अधिक जणींना वाटत होतं. उपचार घेणाऱ्या मात्र अगदी नगण्य.

मग प्रश्न आला तो मुळाचा. इतकं नैराश्य सोबत येतं, तर बुलिमिया हा मुळात डिप्रेशनचाच एक अवतार तर नव्हे? बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमधल्या हॅरिसन पोप आणि जेम्स हडसन यांनी हे मत जोरात मांडलं. १९८३मध्ये त्यांनी बावीस स्त्रियांवर इमिप्रामिन या डिप्रेशनवरच्या औषधाची चाचणी घेतली. खाण्याचे झटके कमी झाले. सिद्धांताला बळ मिळालं.

पुढच्या चाचण्यांनी मात्र चित्र गुंतागुंतीचं केलं. ज्यांना डिप्रेशन अजिबात नव्हतं अशा रुग्णांनाही ही औषधं लागू पडत होती. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८७ रुग्णांवरच्या चाचणीत फ्लुऑक्सेटिन हे औषध बुलिमियावर उपयोगी ठरलं, पण नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा मोठ्या मात्रेत. म्हणजे औषध एक आणि त्याचे उपयोग दोन, एवढंच. ताप आणि डोकेदुखी एकाच गोळीने उतरतात म्हणून ते दोन्ही एक आजार होत नाहीत. दुसरीकडे, ज्या अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचं वजन पूर्ववत आणलं होतं, त्यांचा आजार उलटू नये म्हणून हेच औषध देऊन पाहिलं गेलं. २००६मध्ये आलेल्या त्या चाचणीत ते साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. मनःस्थितीचे विकार आणि खाण्याचे विकार एकमेकांच्या हातात हात घालून चालतात, पण ते एकच नव्हेत, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

बुलिमियावर सगळ्यात भक्कम उपाय ठरला तो बोलण्याचा. पण गप्पांसारखा नव्हे, आखीव. फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण स्वतःच्या खाण्याची नोंद ठेवतो, दिवसाचं जेवण ठरावीक वेळांना बांधून घेतो आणि ‘खाल्लं की संपलं’ यासारखे विचार तपासून पाहतो. यातली विशेष गंमत अशी की झटक्यांवर पहिला उतारा म्हणजे वेळच्या वेळी जेवणं. उपाशी राहिल्यानेच झटका येतो, हे रुग्णाला पटवून द्यावं लागतं आणि ते पटणं सोपं नसतं.

१९७९मध्येच रसेल मॉड्सलीला आणि त्याला जोडलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्रीत प्राध्यापक म्हणून परतले. तिथे त्यांनी तो जुना सल पुन्हा हातात घेतला: घरी गेल्यावर वजन टिकत का नाही? जॉर्ज श्मुक्लर, क्रिस्टोफर डेअर आणि इव्हान आइस्लर या सहकाऱ्यांसह त्यांनी एक चाचणी उभी केली. रुग्णालयात वजन भरून आलेल्या ऐंशी रुग्णांपैकी काहींना वर्षभर कौटुंबिक उपचार, काहींना एकट्याशी बोलून आधार देणारा उपचार. कुणाला काय, हे नशिबावर सोडलेलं. निकाल १९८७मध्ये आला. आजार अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेला आणि तीन वर्षांहून कमी काळाचा, अशा रुग्णांत कौटुंबिक उपचार स्पष्टपणे सरस ठरला. मोठ्या वयात आजार सुरू झालेल्यांत तसं दिसलं नाही. तिथे कल वैयक्तिक उपचाराकडे होता. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही लहान मुलींमधला फायदा टिकलेला होता.

संख्येच्या दृष्टीने ही चाचणी लहानच. पण तिने आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढलं. तोवर कित्येक ठिकाणी रीत अशी होती की मुलीला घरापासून तोडायचं, भेटी बंद करायच्या, कारण घरातच काहीतरी चुकलंय. मॉड्सलीच्या पद्धतीत उलट झालं. हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही, असं पालकांना सांगितलं जातं. आणि लगेच पुढे, तो घालवायचं काम मात्र तुमच्यावाचून होणार नाही. सुरुवातीला मुलीच्या खाण्याची सूत्रं पालकांच्या हाती देतात. कुटुंबाला डबा घेऊन यायला सांगतात, उपचारकासमोर जेवायला बसवतात आणि कुठे अडतं ते पाहतात. मुलगी नीट खाऊ लागली की सूत्रं हळूहळू तिच्याकडे परत जातात. त्यानंतर मग वयात येणाऱ्या मुलीचे नेहमीचे प्रश्न, मित्रमैत्रिणी, अभ्यास, स्वातंत्र्य. पुढे अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांनी या उपचाराची तपशीलवार पुस्तिका तयार केली आणि किशोरवयीन रुग्णांसाठी तो आज जगात सर्वाधिक अभ्यासला गेलेला इलाज आहे.

हे काम किती निकडीचं होतं ते आकड्यांतून कळतं. २०११मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत जवळजवळ सहापट आढळलं. त्या मृत्यूंपैकी दर पाचांत एक आत्महत्या होती. फॅशनची लहर म्हणून ज्याकडे पाहिलं जातं, त्या आजाराचा हा हिशेब आहे.

रसेल यांचा सगळ्यात धाडसी विचार मात्र चाचण्यांतला नाही. १९८५मध्ये त्यांनी म्हटलं की अ‍ॅनोरेक्सियाचं रूप काळाबरोबर बदलत आलं आहे. गल आणि लासेग यांच्या रुग्ण मुली जाड होण्याच्या भीतीबद्दल काही बोलत नाहीत. कुणी म्हणे पोटात दुखतं, कुणी म्हणे खावंसं वाटत नाही. वजनाची धास्ती नंतर आली, बारीक बांध्याचं वेड जसं पसरलं तशी. गाभा तोच, पण आजार त्या-त्या काळाची भाषा बोलतो. डॉक्टर मंडळी व्याख्या एकदा ठरली की ती दगडावरची रेघ समजतात. रसेल यांनी स्वतः केलेली व्याख्याही काळाच्या हवाली केली, याचं कौतुक वाटतं.

याला आशियातून पुरावा मिळाला. हाँगकाँगमध्ये ली सिंग यांनी १९९३मध्ये सत्तर रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी एक्केचाळीस जणांत जाडीची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक नाही, एवढंच ते सांगत. फिजीमधल्या नाड्रोगा भागात १९९५मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा तीन वर्षांनी पाहणी केली. पहिल्या खेपेला वजनासाठी उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. दुसऱ्या खेपेला ते प्रमाण ११.३ टक्के होतं. आणि ही अशी संस्कृती होती, जिथे धष्टपुष्ट शरीर हेच सुखाचं लक्षण मानलं जाई.

आपल्याकडे दिल्लीच्या ‘एम्स’मधून खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये पाच तरुणींच्या हकिगती प्रसिद्ध केल्या. खाण्याला नकार, उलट्या, वजन घटलेलं, पाळी बंद. पण ‘मी जाडी आहे’ ही तक्रार नव्हती. पाश्चात्त्य व्याख्या हातात घेऊन बसलेल्या डॉक्टरने त्यांना अ‍ॅनोरेक्सिया म्हटलं नसतं. अशा मुली आपल्याकडे आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जातात. कावीळ, क्षय, जंत, अल्सर सगळं तपासून होतं. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी यांच्या आडोशाला न खाणं किती सहज झाकलं जातं, तेही महाराष्ट्रातल्या घरांना सांगायला नको. उपास करणारी सगळीच माणसं आजारी नसतात, हे उघड आहे. पण तिन्हीत्रिकाळ कुठलं ना कुठलं निमित्त सांगून ताटावरून उठणाऱ्या मुलीची पाळी चुकत असेल, ती चिडचिडी आणि एकलकोंडी झाली असेल, तर ती धार्मिक झाली आहे असं समजून गप्प बसू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते. तिथून सुरुवात करता येते.

रसेल १९९३मध्ये मॉड्सलीतून निवृत्त झाले आणि त्यानंतरही एका खासगी रुग्णालयात खाण्याच्या विकारांचे रुग्ण पाहत राहिले. मॉड्सलीतल्या या विकारांच्या विभागाला त्यांचं नाव दिलं गेलं. जुलै २०१८मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी सिंथिया ब्युलिक आणि जगभरच्या संशोधकांनी अ‍ॅनोरेक्सियाच्या जवळपास सतरा हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. जनुकसंचातल्या आठ जागा आजाराशी जोडलेल्या निघाल्या. आजाराची जनुकीय मुळं डिप्रेशन आणि चिंता यांच्या मुळांत गुंतलेली दिसली, पण तेवढीच नाही. ती चरबी, साखर आणि इन्शुलिन यांचा कारभार पाहणाऱ्या प्रक्रियांपर्यंतही गेलेली होती. या आजाराकडे मनाचा आणि चयापचयाचा, असा दुहेरी विकार म्हणून पाहावं, असं त्या गटाने सुचवलं. कोणत्या जनुकामुळे नेमकं काय बिघडतं, याचा शोध आता अनेक प्रयोगशाळांत चालू आहे, आणि त्यासाठी लागणारे रक्ताचे नमुने बरेचसे अजून युरोपीय वंशाच्या रुग्णांचेच आहेत.